इंग्लंडात कापणी झालेल्या रानात वूडपिजनची शिकार: पहिल्यांदा जाणाऱ्याला काय माहीत असावं?

निनाद_पीटरबरो

नमस्कार मंडळी. माझ्या ऑफिसातल्या मित्राच्या वडिलांची आउंडलजवळ शेती आहे. गेल्या आठवड्यात त्यांचा गहू निघाला. आता त्या रानात वूडपिजनचे, म्हणजे इथल्या रानकबुतरांचे, थवे उतरतायत. शनिवारी डिकॉय (थव्याला भुलवायला मांडतात ते खोटे पक्षी) मांडून बसायचंय, तूही ये, असं मित्राने सांगितलंय. कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पला पालथं पडून रायफलने टार्गेट मारलं होतं, तेवढाच माझा बंदुकीशी संबंध. शॉटगन, म्हणजे छऱ्यांची बंदूक, कधी धरलेली नाही.

माझ्याकडे परवाना नाही. मित्र म्हणतो, माझी बंदूक वापर, काही होत नाही. हे खरं आहे का? मी इथे व्हिसावर आहे, त्यामुळे कायद्याच्या बाबतीत मला जराही धोका नकोय.

दुसरी शंका अशी, की पीक तर घरात गेलं. मग आता पक्षी नुकसान कशाचं करतात? मित्राला विचारलं तर "इथे सगळेच करतात" एवढंच उत्तर आलं. तेवढ्याने माझं समाधान झालं नाही.

आणि तिथे दिवसभर नेमकं करायचं काय असतं? कपडे कसले घालू? बायकोचं म्हणणं एवढंच आहे, की मारलेलं खाणार असाल तर जा, नुसतं मारायला जाऊ नका. मलाही ते पटतं. अकरा वर्षांचा मुलगा सोबत यायचं म्हणतोय, त्याला न्यावं का?

रानवाटा (लिंकनशर)

निनाद, शेवटपर्यंत वाच, कारण तुझे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत.

आधी माझ्याबद्दल दोन शब्द. मी मूळचा बार्शी तालुक्यातला, घरची ज्वारी. इथे धान्य वाळवणाऱ्या यंत्रांच्या दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे जुलै ते सप्टेंबर माझा मुक्काम शेतकऱ्यांच्या कोठारांतच असतो. त्यातूनच ओळखी झाल्या आणि पुढे मी रीतसर परवाना काढला. आता कापणी झाली की दोन-तीन शेतकरी स्वतःहून फोन करतात.

बंदुकीचं आधी. "माझी वापर, काही होत नाही" हे मित्राचं म्हणणं अर्धवट आहे. इंग्लंडमध्ये परवाना नसलेल्या माणसाला खाजगी जमिनीवर शॉटगन उसनी देता येते, २०१७ पासून तसा स्पष्ट नियम आहे. त्याच्या अटी मात्र आहेत. देणाऱ्याचं वय निदान अठरा हवं आणि त्याच्याकडे शॉटगनचं स्वतःचं सर्टिफिकेट, म्हणजे बंदुकीचा परवाना, हवा. त्या जमिनीवर शिकारीला बोलावण्याचा हक्क त्याचा असायला हवा, किंवा तसा हक्क असलेल्याने त्याला लेखी अधिकार दिलेला हवा. बंदूक तुझ्या हातात असेल तितका वेळ तो तुझ्याजवळ, तू त्याच्या नजरेसमोर. जमीन वडिलांची आहे आणि त्यांच्याकडे सर्टिफिकेट असेल, तर त्यांचीच बंदूक घे आणि त्यांच्याच शेजारी बस. मित्राची घ्यायची असेल तर वडिलांकडून चार ओळी लिहून घ्यायला सांग. त्यात त्यांना काही वाटणार नाही, शेतकरी माणसाला कागदाची सवय असते. काडतुसं तू आणायच्या भानगडीत पडू नकोस, दुकानात ती विकत घ्यायलाही सर्टिफिकेट दाखवावं लागतं.

आता तुझी दुसरी शंका. फार महत्त्वाचं विचारलंस, आणि "सगळेच करतात" हे त्याचं उत्तर होऊच शकत नाही. इथे १९८१ च्या वन्यजीव कायद्याने सगळ्याच रानपक्ष्यांना संरक्षण आहे, वूडपिजनलासुद्धा. तो मारता येतो तो जनरल लायसन्सच्या आधारावर. इंग्लंडमध्ये पिकाच्या गंभीर नुकसानीसाठी जीएल४२ हे लायसन्स लागू होतं. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही, पण त्यातल्या अटी प्रत्येक गोळीला लागू असतात. जमीनमालकाची परवानगी हवी, खरोखर नुकसान टाळण्याचा हेतू हवा आणि पक्षी न मारता हुसकावण्याचे उपाय आधी केलेले हवेत. खेळ म्हणून मारायला हे लायसन्स नाही. २०१९ च्या एप्रिलमध्ये वाइल्ड जस्टिस या संस्थेने आव्हान दिल्यावर नॅचरल इंग्लंडने, म्हणजे ही लायसन्सं काढणाऱ्या सरकारी संस्थेने, जुनी लायसन्सं एका फटक्यात रद्द केली होती. तेव्हा शेतकऱ्यांची किती धावपळ झाली ते मी कोठारांत उभं राहून ऐकलंय. त्यानंतर नियम पुन्हा लिहिले गेले.

म्हणून शनिवारी गेल्या गेल्या वडिलांना एकच विचार: "आपण वाचवतोय कुठलं पीक?" बहुतेक ते शेजारच्या रानाकडे बोट दाखवतील. गहू-बार्लीच्या कापणीच्या सुमारासच, म्हणजे ऑगस्टच्या मध्यापासून, इथे रेप पेरतात. मोहरीच्या कुळातलं तेलबियांचं पीक, मे महिन्यात सगळीकडे पिवळं दिसतं ते. ते दोन पानांवर असताना थवा उतरला तर कोंबच खुडून नेतो. हिवाळ्यात, रानात दुसरं हिरवं काही नसतं तेव्हा, हेच पक्षी त्याची पानं शिरांपर्यंत कुरतडतात. २०१३ च्या शेवटी निओनिकोटिनॉइड या कीटकनाशकांच्या बियाणे-प्रक्रियेवर बंधनं आली, पिसू भुंग्याने रेपची दैना केली आणि खूप शेतकऱ्यांनी हे पीकच सोडलं. ज्यांनी ठेवलं त्यांच्या रानावर आता चारी बाजूंची कबुतरं येतात, हे मी दरवर्षी बघतो. गव्हाच्या धसकटावर बसलेला थवा म्हणजे शेजारच्या कोवळ्या रेपवर उद्या उतरणारा थवा, असं शेतकऱ्याचं गणित असतं. जवळपास रेप नाही, आडवा पडलेला, न कापलेला गहू नाही, वाटाणा नाही, काहीच नाही, असं उत्तर आलं तर मी स्वतः बंदूक गाडीतून काढत नाही. चहा पितो, थवे बघतो आणि घरी येतो.

आणि त्यांनी आधी काय-काय करून पाहिलंय तेही बघ. गॅसची तोफ असेल, ससाण्याच्या आकाराचे पतंग असतील, बुजगावणी असतील. लहानपणी आमच्या ज्वारीत माळ्यावर बसून गोफण फिरवायची पाळी माझ्यावर यायची, त्यामुळे राखण म्हणजे काय कष्ट असतात हे मला कुणी सांगायला नको. तोफेच्या आवाजाला वूडपिजन थोड्याच दिवसांत सरावतो. मग तिच्या शेजारी बसून खातो.

आता प्रत्यक्ष दिवस.

डिकॉय मांडले की पक्षी येतात, असा पुष्कळांचा समज असतो. मला कळकळीने सांगावंसं वाटतं, की डिकॉय पक्ष्याला त्याच्या वाटेवरून ओढून आणत नाहीत. तो जिथे उतरायच्या विचारात आहेच, तिथे उतरायचा त्याला भरवसा देतात, बस. म्हणून खरं काम आदल्या दिवशीचं. मित्राला म्हणावं, शुक्रवारी दुपारी रानाच्या कडेला गाडी उभी कर आणि दुर्बीण घेऊन तासभर नुसता बस. पक्षी कुठल्या झाडीतून निघतात, कुठल्या हेजच्या (बांधावरच्या झुडपांच्या कुंपणाच्या) रेषेने येतात, रानाच्या कुठल्या तुकड्यात उतरतात? थव्याची जाण्यायेण्याची वाट ठरलेली असते. हेज, ओढ्याकाठची झाडं, विजेच्या तारा यांच्या कडेने ते येतात. उतरतात ते सांडलेल्या दाण्यांवर. कंबाइन वळतं त्या बांधाच्या कडेला आणि पीक आडवं पडलं होतं त्या जागी दाणा जास्त सांडतो. पेंढ्याचे गठ्ठे उचलले की खालचा उघडा पडतो. एकदा ट्रॅक्टरमागची माती उलटणारी डिस्क फिरली की सगळं मातीआड. हल्ली कापणीनंतर एक-दोन दिवसांतच ट्रॅक्टर रानात शिरतो, तेव्हा शनिवारपर्यंत ते रान तसंच ठेवणार आहेत ना, हेही विचारून घ्या.

मग वारा. कबूतर वाऱ्याला तोंड करून उतरतं, सगळी मांडणी त्याच्यावर. वारा तुमच्या पाठीवरून किंवा आडवा वाहील अशी जागा धरा. डिकॉय घोड्याच्या नालाच्या आकारात मांडतात, नालाचं उघडं तोंड वाऱ्याच्या वाहत्या दिशेला. पक्षी त्या तोंडातून वर येतो आणि मधल्या मोकळ्या जागेत उतरायला बघतो. ती जागा तुमच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर यावी. सगळ्यात लांबचा डिकॉय तीस-पस्तीस पावलांवर ठेवा. त्याच्या पलीकडचा पक्षी तुमचा नाही, हे आधीच ठरवून टाका. सुरुवातीला डझनभर पुरतात. तोंडं साधारण वाऱ्याकडे, पण सगळी एका रेषेत नकोत. खाणारे पक्षी कवायत करत नाहीत. दोघांत चांगलं दीड-दोन पावलांचं अंतर असू दे, कारण घाबरलेले पक्षी जवळ-जवळ येतात आणि वरून येणारा ते ओळखतो.

मित्राकडे मॅग्नेट असेल. बारा व्होल्टच्या बॅटरीवर फिरणारे दोन लांब दांडे, टोकाला एकेक पक्षी. लांबून पाहिलं तर दोन कबुतरं उतरतायत असं वाटतं. उपयोगी आहे, पण वेग कमी ठेवायला सांग. सतत शिकार होणाऱ्या भागातले पक्षी जोरात फिरणारा मॅग्नेट पाहून लांबूनच वळतात. तसं दिसलं तर तो सरळ बंद करावा.

लपण म्हणजे चार काठ्या आणि जाळी, हेजला पाठ टेकून, सावलीत. धसकटाच्या रानात मातकट-पिवळी जाळी, हेजला हिरवी. पाठीमागे झाडी हवीच, नाहीतर आकाशाच्या उजेडात तुमची डोकी उठून दिसतात. कपडे मळक्या हिरव्या-तपकिरी रंगाचे, पूर्ण बाह्यांचे. काठाची टोपी घाल, चेहऱ्यावर जाळी किंवा निदान मान खाली. वर बघणारा उजळ चेहरा त्याला लगेच दिसतो, आणि त्याहून लवकर दिसते ती हालचाल. पेंढ्याच्या मोठ्या गठ्ठ्यांचं लपण करू म्हणाले तर हात जोडून नाही म्हण. ते कित्येक मण वजनाचे असतात, घसरले तर माणूस खाली सापडतो. पाणी भरपूर ने, कानाला संरक्षक लाव.

वडिलांकडे बंदूक असेल आणि तुझ्याकडेही, तर एका लपणात एका वेळी एकच बंदूक भरलेली. हा माझा नियम आहे आणि त्याला अपवाद नाही. लपणातून पाय बाहेर टाकायच्या आधी बंदूक मधून उघडून काडतुसं काढलेली, रिकामी. इथे रानांतून सार्वजनिक पायवाटा जातात, नकाशावर त्या आधी बघून ठेवा. खाली उडणाऱ्या पक्ष्यावर कधीच नाही. मागे आकाश दिसलं तरच. रस्त्याच्या मध्यापासून पन्नास फुटांच्या आत गोळी झाडून वाटसरूला धोका झाला तर तोही गुन्हा आहे.

पक्षी येतो तेव्हा काय होतं ते सांगतो. तो लांबून डिकॉय पाहतो, पंख ताठ धरून घसरत येतो. ज्या क्षणी तो पाय खाली सोडतो आणि पंख मागे फडफडवून थांबायला लागतो, त्या क्षणाची वाट बघ. घाईने उठलास तर तो एका झटक्यात बाजूला जातो. थव्यात बंदूक चालवायची नाही, एक पक्षी निवडायचा आणि डोळा त्याच्यावरच ठेवायचा. पहिल्या दिवशी चुकण्याची खंत करू नकोस, सरावलेल्या हातालाही एका पक्ष्याला दोन-तीन काडतुसं लागतात. पण जखमी झाला तर ताबडतोब, बाकी सगळं सोडून, त्याला शोधायचं आणि संपवायचं. दुसरे पक्षी वरून जात असले तरी. हे न करणाऱ्याबरोबर मी दुसऱ्यांदा बसत नाही.

पडलेले पक्षी मांडणीत घेतात, हनुवटीखाली काडी लावून. पोट वर करून पडलेला एकही ठेवू नका, आणि विखुरलेली पिसं उचला. तिथे रॉकिंगहॅम फॉरेस्ट जवळ आहे. १९९५ पासून त्या भागात लाल घारी आणून सोडल्या होत्या आणि आता त्या सगळीकडे आहेत. घार मेलेल्या पक्ष्यावर उतरली की थवे तासभर फिरकत नाहीत. तिला हुसकवायला हात वर करायचा, बंदूक नाही, हे सांगायची गरज नसावी. जिवंत पक्षी बांधून डिकॉय करणं कायद्याने बंद आहे, पक्ष्यांचे आवाज रेकॉर्डवर वाजवणंही.

शेवटचं, आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं: स्टॉक डव्ह. कबुतराचाच भाऊबंद, पण जनरल लायसन्समध्ये नाही, पूर्ण संरक्षित. ऑगस्टमध्ये धसकटावर तो वूडपिजनबरोबरच उतरतो. मानेवरचा पांढरा डाग बघून ओळखा, असं लोक सांगतात आणि तिथेच घोळ होतो. या दिवसांत वूडपिजनची कोवळी पिल्लं उडत असतात आणि त्यांच्या मानेवर पांढरं नसतंच. म्हणून मान सोड, पंख बघ. वूडपिजनच्या पंखावर आडवी ठळक पांढरी पट्टी असते, लहान असो की मोठा, उडताना लांबून दिसते. स्टॉक डव्हच्या पंखावर पांढरं काहीच नाही, फक्त दोन आखूड काळ्या रेघा. अंगाने लहान, पंखांची फडफड जलद. पांढरी पट्टी दिसली नाही तर बंदूक खांद्याला लागायचीच नाही. शक्य असेल तर पहिला अर्धा तास नुसता दुर्बीण घेऊन बस आणि वडिलांना प्रत्येक पक्ष्याचं नाव विचार.

अश्विनी_लेस्टर

रानवाटा, स्टॉक डव्हबद्दल इतकं नीट लिहिलंत याबद्दल आभार. मी इथल्या पक्षीमोजणीत भाग घेते, आणि शिकार करणाऱ्यांपैकी किती जणांना हा फरक माहीत असतो याची मला काळजी वाटते.

पण एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत. वूडपिजनची वीण जवळपास वर्षभर चालते आणि तिचा जोर असतो तो नेमका धान्य पिकण्याच्या काळात, जुलै ते सप्टेंबर. घरट्यात दोन अंडी. नर-मादी दोघंही आळीपाळीने उबवतात आणि दोघांच्याही गळ्यातल्या पिशवीत तयार होणाऱ्या दुधावर पिल्लं पहिले काही दिवस जगतात. सतरा दिवस उबवण, मग महिनाभर संगोपन. म्हणजे ऑगस्टच्या दुपारी धसकटावरून उठणाऱ्या थव्यातल्या कित्येकांची पिल्लं तेव्हा झाडावर वाट बघत असतात. एक पडला तर दुसरा कदाचित निभावून नेईल. दोन्ही पडले तर पिल्लं उपाशी मरतात. हे निनादने माहीत करून घेऊन मगच जावं, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल, तोही कबुतरच. १९७२ च्या कायद्यानंतर आपण ते दार बंद केलं. इथे मात्र लाखो कबुतरं मारली जातात याची मला सवय होत नाही.

रानवाटा (लिंकनशर)

अश्विनीताई, तुमचं म्हणणं खरं आहे, ते नाकारायला माझ्याकडे एक शब्द नाही. ऑगस्टमध्ये मारलेल्या पक्ष्याच्या गळ्यात पुष्कळदा भिजलेला दाणा आणि दूध दोन्ही सापडतं. ज्याने पक्षी स्वतः साफ केलाय त्याला हे माहीत असतं.

तरी मी जातो, आणि का जातो ते सांगतो. ब्रिटनमध्ये वूडपिजनच्या पन्नास लाखांच्या आसपास जोड्या आहेत आणि हिवाळ्यातल्या रेपमुळे त्यांची संख्या गेल्या पन्नास वर्षांत खूप वाढली. पूर्वी कडक हिवाळ्यात उपासमारीने त्यांचा आकडा खाली यायचा, आता रानात बारा महिने हिरवं असतं. ज्या शेतकऱ्याकडे मी जातो त्याने एका वसंतात रेपचा मोठा पट्टा मोडून पुन्हा पेरलेला मी पाहिलाय. बियाणं, डिझेल, मजुरी सगळं दुसऱ्यांदा. माझे वडील ज्वारीची राखण करायचे तेव्हा रात्रीची झोपसुद्धा माळ्यावर व्हायची. पीक डोळ्यांदेखत जाताना शेतकऱ्याच्या पोटात काय होतं ते मी घरी पाहिलंय, म्हणून त्याची बाजू मला परकी वाटत नाही.

पण तुमच्या मुद्द्यावरूनच मी दोन गोष्टी पाळतो. धसकटावर फक्त तेव्हाच बसायचं जेव्हा शेजारी रेप उगवतोय किंवा पीक आडवं पडलंय. आणि पिकावरचा थवा मोडला, पक्षी दुसरीकडे वळले, की उठायचं. हिवाळ्यात, पिल्लं जवळजवळ नसतात आणि नुकसान सगळ्यात जास्त असतं, तेव्हा मी जास्त वेळा जातो. शेतकऱ्यांनाही मी हेच सांगत असतो, की ऑगस्टपेक्षा जानेवारी-फेब्रुवारीत बोलवा. काही ऐकतात.

हरियालवर बंदूक उचलावी असं मला कधीच वाटणार नाही. तिथे तो कायदा योग्यच आहे.

पुष्पा_मिल्टनकीन्स

निनाद, खाण्याबद्दल मी सांगते. आमच्या शेजारच्या गावातला एक माणूस पिशवीभर आणून देतो, त्यामुळे गेली बरीच वर्षं करतेय.

रानातच काळजी घ्यायला लाग. ऑगस्टचं ऊन आणि माश्या. पक्ष्यांचा ढीग करून ठेवला तर आतली ऊब जात नाही, तासा-दोन तासांत मांस बिघडतं. सावलीत एकेक सुटा ठेवायचा, माश्या शिरणार नाहीत अशा जाळीच्या पिशवीत. गळ्यातली दाण्याची पिशवी लवकर काढून टाकायची, ओला दाणा आंबतो.

घरी आणल्यावर पूर्ण सोलायची गरज नाही. छातीवरची कातडी बोटांनी फाटते, दोन्ही बाजूंचं मांस सुरीने काढून घ्यायचं. पायांना फारसं काही नसतं, रश्शाला टाका. मांस गडद लाल आणि घट्ट असतं. कोंबडीसारखं शिजवत बसलात तर चिवट होतं आणि काळजासारखा वास येतो. मी आलं-लसूण, हळद, मीठ आणि थोडं दही लावून रात्रभर ठेवते. लोखंडी तवा चांगला तापवून एका बाजूला दोन-तीन मिनिटं, तेवढंच. कांदा-सुक्या खोबऱ्याचं वाटण आणि कांदा-लसूण मसाला वेगळा परतून घ्यायचा आणि कापलेले तुकडे शेवटी त्यात घोळवायचे. भाकरीबरोबर खा.

छरे मात्र नीट शोध. बोटांनी मांस चाचपून बघायचं, जिथे पीस आत ओढलं गेलंय तिथे छरा असतो, आजूबाजूचं मांसही कापून टाकायचं. शिशाच्या छऱ्यांनी मारलेलं असेल तर मुलाला देऊ नकोस. लहान मुलांनी आणि गरोदर बायकांनी ते टाळावं असं इथली फूड स्टँडर्ड्स एजन्सीच सांगते. स्टीलचे छरे वापरणार आहेत का ते आधी विचार.

रानवाटा (लिंकनशर)

पुष्पाताईंच्या छऱ्यांच्या मुद्द्याला जोडून. २०२० च्या फेब्रुवारीत इथल्या शिकारीच्या नऊ संघटनांनी पाच वर्षांत शिसं स्वखुशीने सोडायचं जाहीर केलं होतं. तेवढ्याने भागलं नाही, म्हणून २०२५ च्या जुलैमध्ये सरकारनेच, बदलायला मुदत देऊन, बंदी आणत असल्याचं सांगितलं. मी स्टील वापरतो, चार किंवा पाच नंबरचं. जुन्या बंदुकीत मात्र ती स्टीलसाठी तपासलेली आहे का ते बघितल्याशिवाय घालायचं नाही. वडिलांची बंदूक आजोबांच्या काळातली असेल तर हा प्रश्न नक्की विचार.

निनाद_पीटरबरो

सगळ्यांचे मनापासून आभार. मित्राच्या वडिलांशी काल स्वतः बोललो. हेजपलीकडच्या रानात त्यांनी रेप पेरलाय, उगवून आलाय, आणि बांधाकडचा एक पट्टा आत्ताच खाल्लेला आहे. तोफ लावून झाली. सर्टिफिकेट त्यांच्याकडे आहे, ते माझ्याबरोबर लपणात बसणार आहेत. शिशाची काडतुसं संपवतोय असं म्हणाले, तेव्हा मुलाला खायला देणार नाही. त्याला सोबत न्यावं की नाही, एवढंच ठरायचंय. अश्विनीताई, तुमचं वाचून घरी बराच वेळ बोललो आम्ही. जातोय, पण तुम्ही लिहिलेलं मुलालाही वाचून दाखवलं.

रानवाटा (लिंकनशर)

मुलाला ने, पण त्या दिवशी बंदूक तू धरणार की तो सोबत येणार, यातलं एकच कर. तू पहिल्यांदाच बंदूक हाताळतोयस, लपणात वडील असणार, त्यात तिसरा माणूस, तोही उत्सुक अकरा वर्षांचा, मला योग्य वाटत नाही. माझं मत विचारशील तर मुलाबरोबर आधी नुसता बघायला जा. शुक्रवारची दुपार त्यासाठी उत्तम. दोघांना दुर्बिणी द्या, वूडपिजन आणि स्टॉक डव्ह वेगळे ओळखायला लाव, तो तुझ्याआधी शिकेल. शनिवारी तू एकटा जा. आणि मुलगा कधीही गोळीबाराच्या जवळ असेल तर त्याच्या कानाला त्याच्या मापाचं संरक्षक हवं, मोठ्यांचं सैल बसतं.

शुक्रवारी बघून आल्यावर रानाचा साधा नकाशा काढून इथे टाक: हेज कुठे, रेप कुठे, पायवाट कुठे, पक्षी कुठून येतात आणि वारा कुठला. लपण कुठे करावं ते सांगतो.